डोहाची नोंद

२१ मार्च २०२४. सकाळचे सहा वाजून गेले होते. मी चहाचं आधण ठेवलं होतं, आणि मांडणीवरचे डबे आपोआप वाजायला लागले. आधी खालून घरघर आली, मग हादरा. दहाएक मिनिटांनी पुन्हा एक, थोडा हलका. पहिला ४.५ तीव्रतेचा होता, दुसरा ३.६ चा, असं नंतर कळलं. केंद्र आमच्या आखाडा बाळापूरच्याच परिसरात होतं. सगळी गल्ली रस्त्यावर येऊन उभी राहिली, आणि जो तो हादऱ्यापेक्षा आवाजाबद्दलच बोलत होता. तिकडे वसमत तालुक्यात पांगरा शिंदेची माणसं तर कित्येक वर्षं जमिनीतून येणारे आवाज ऐकत आली आहेत. जे डोळ्यांना दिसत नाही ते कानाला कळतं, हे हिंगोली जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्याच दिवशी रत्नागिरीहून भाच्याचा फोन आला. सगळे सुखरूप आहेत हे कळल्यावर म्हणाला, "मावशी, जमीन आपणहून बोलली म्हणून तुम्ही ऐकलं. आम्ही तर समुद्राला रोज विचारतो, आणि तो रोज उत्तर देतो."

"आणि उत्तर मिळालं की जाळं टाकता," मी म्हटलं.

तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "जूनमध्ये येतो. तेव्हा भांडू."

तो मासेमारीच्या बोटींवर फिशफाइंडर आणि सोनार बसवतो, बिघडले तर दुरुस्त करतो. नांदेडला इलेक्ट्रॉनिक्स शिकला आणि कामाच्या मागे कोकणात गेला. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्यातले पंधरा दिवस तो घरी येतो, नेमके हळदीचं बेणं लावायच्या गडबडीत. मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. यंत्राची भीती मला कधी वाटली नाही. या यंत्राबद्दल मात्र माझ्या मनात एक जड काळजी होती, आणि त्या जूनमध्ये ओसरीवर बसून आम्ही तिच्यावर चार-पाच संध्याकाळी वाद घातला. त्यातला बराचसा इथे मांडते आहे. काही ठिकाणी तो माझ्यापेक्षा बरोबर होता, तेही लपवत नाही.

पहिल्याच संध्याकाळी त्याने पिशवीतून तांब्याएवढा जड, काळा, एका बाजूने सपाट गोळा काढून बाजेवर ठेवला. मागून जाड केबल निघालेली.

"हा ट्रान्सड्युसर. बोटीच्या तळाला बसतो, पंख्यापासून लांब. बुडबुडे खाली आले की आंधळा होतो."

"आत काय आहे?"

"तुझ्या गॅसच्या लायटरमध्ये आहे तेच. दाबलं की वीज देणारी चिनी मातीसारखी चकती. इथे उलटंही चालतं. वीज दिली की ती थरथरते, पाण्यात आवाज जातो. आवाज परत येऊन चकतीवर आदळला की पुन्हा वीज तयार होते. बोलणारं तोंड आणि ऐकणारा कान, दोन्ही एकच."

हे मी मुलांना शिकवलं होतं. क्युरी बंधूंनी १८८० मध्ये हा गुण स्फटिकांत शोधला, आणि पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधायला पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या चकत्या पाण्यात बोलत्या केल्या. पुढे १९४८ मध्ये जपानच्या नागासाकी भागातल्या फुरुनो बंधूंनी मासे शोधणारं यंत्र कोळ्यांच्या बोटीवर चढवलं. ही पंचाहत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट. मग भाचा ज्याच्यासाठी एवढा उत्साहात होता ते नवीन काय?

"जुना ट्रान्सड्युसर देवळातल्या घंटेसारखा," तो म्हणाला. "एकाच सुरात वाजणार. ५० किलोहर्ट्झ नाहीतर २०० किलोहर्ट्झ. ठोका दिला की घणघणत राहतो, आणि तो घणघणाट संपेपर्यंत जवळचं काही ऐकू येत नाही. हा वाइडबँड. याची घंटा मुद्दाम दाबून ठेवलेली आहे, एका सुराचा हट्ट मोडलेला आहे. याला ठोका द्यायचा नाही, मींड द्यायची. १३० किलोहर्ट्झपासून सुरू करून एका दमात २१० पर्यंत चढत जायचं. याला चर्प म्हणतात, पाखराची चिवचिव."

"त्याने काय साधतं?"

"एक मिलिसेकंदाचा साधा ठोका घे. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. म्हणजे तो ठोका पाण्यात दीड मीटर लांबीचा झाला. जाऊन-येऊन धरलं तर पाऊण मीटरच्या आत एकावर एक असलेले दोन मासे त्याला एकच दिसतात. चर्पमध्ये मात्र लांबी महत्त्वाची नाही, सूर किती पसरला ते महत्त्वाचं. ५० किलोहर्ट्झ पसरला तर दीड सेंटिमीटरवरचे दोन पडसाद सुटे होतात. कुठे पाऊण मीटर आणि कुठे दीड सेंटिमीटर! आणि आवाज लांबवता येतो म्हणून ताकद जास्त जाते, खोलवरून परत येते. यंत्राकडे आपल्याच मींडेची नक्कल असते. परत आलेल्या गोंगाटावरून ती नक्कल सरकवत नेतात. जिथे तंतोतंत जुळते, तिथे मासा."

हे मला पटकन समजलं, कारण वसमतच्या हळद मोंढ्यात लिलाव चालू असताना मी भावाबरोबर उभी राहिले आहे. शंभर आवाज एकदम उठतात, पण ज्याला आपल्या अडत्याची चाल पाठ असते त्याला ती नेमकी ऐकू येते. मोठ्याने ओरडून तिथे उपयोग नसतो. ओळखीची चाल लागते.

अंगणावर पाकोळ्या, म्हणजे छोटी वटवाघळं, फिरायला लागल्या होत्या. त्याही हेच करतात. आपल्याला ऐकू न येणाऱ्या उंच सुरावरून झरकन खाली घसरणारी हाक देतात आणि पडसादावरून अंधारात किडा टिपतात. माणसाने हे विसाव्या शतकात रडारसाठी बसवलं. पाकोळीला ते जन्मजात येतं.

"तुझ्या या चिवचिवाटाचा एक सख्खा भाऊ आपल्याच जिल्ह्यात येतोय, ठाऊक आहे का?" मी विचारलं.

"लायगो. औंढ्याला."

औंढा नागनाथला होणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मान्यता दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांतून अवकाशाच्या अंगातली लहर टिपायची. अमेरिकेत १४ सप्टेंबर २०१५ ला अशी पहिली लहर सापडली. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली त्याची ती खूण, आणि तिचा सूर सेकंदाच्या पाचव्या हिश्शात ३५ हर्ट्झपासून सुमारे २५० पर्यंत चढत गेला. शास्त्रज्ञ तिलाही चर्पच म्हणतात. गोंगाटात बुडालेली ही चिवचिव नक्कल जुळवून कशी शोधायची, तिच्यासाठी किती नकला तयार ठेवायच्या, याचं पायाभूत गणित १९९१ मध्ये पुण्याच्या आयुकामधले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी मांडलं होतं. एका मराठी माणसाच्या कामाचा धागा पुन्हा मराठवाड्याच्या मातीत येतो आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

"बघ," भाचा म्हणाला, "तेच तंत्र. मग औंढ्याचं यंत्र चांगलं आणि माझं वाईट कसं?"

"औंढ्याचं यंत्र ऐकतं आणि थांबतं. आकाशातलं काही कमी होत नाही. तुझं यंत्र ऐकतं आणि दुसऱ्या क्षणी पाण्यातलं काढून घेतं. ऐकण्याबद्दल माझी तक्रार नाही रे. ऐकणं आणि ओरबाडणं यांच्यात आता श्वास घेण्याएवढंही अंतर उरलं नाही, त्याबद्दल आहे."

तो त्या रात्री जास्त बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बेण्याची पोती मोकळी करता करता त्यानेच विषय काढला.

"तू म्हणतेस पूर्वी अंतर होतं. कसलं अंतर? तांडेल पाण्याचा रंग बघायचा, पक्षी बघायचा, वावाने दोरी मोजून खोली काढायचा. दहा वेळा जाळं टाकलं तर चार वेळा रिकामं यायचं. डिझेल जळायचं, खलाशी झोपेविना मरायचे. आंधळेपणाला तू पुण्य समजतेस काय?"

"त्या रिकाम्या चार खेपांत मासा वाचत होता."

"तो डिझेल जाळून वाचवलेला मासा! आणि दुसरं ऐक. पापलेटला सरकारने २०२३ मध्ये राज्यमासा केलं. सातपाटीचे लोक किती वर्षं ओरडतात की पापलेट संपत चाललाय. तो कुणी संपवला? पापलेटची पिल्लं बारीक आसाच्या जाळ्यात मरतात. त्या जाळ्याला सोनार लागत नाही. आंधळं जाळं येईल ते घेतं. माझं यंत्र तरी खाली काय आहे ते आधी सांगतं."

हा मुद्दा त्याचा बिनतोड होता. बारीक आस आणि न बघता टाकलेलं जाळं, यांनी केलेल्या नुकसानीचं खापर सोनारवर फोडता येत नाही. मी तसं कबूल केलं.

"खाली काय आहे ते किती नेमकं कळतं?" मी विचारलं.

"माशाच्या पोटात हवेची पिशवी असते ना, घोळ माशाची ती भोत म्हणून सोन्याच्या भावाने विकतात, तीच. पडसादाचा मोठा भाग त्या हवेवरूनच येतो. एका सुराने फक्त आहे-नाही कळतं. पण सूर पसरला की प्रत्येक सुराला पडसाद किती जोरात आला ते वेगवेगळं मोजता येतं. लहान पिशवीचा नमुना वेगळा, मोठीचा वेगळा, पिशवी नसलेल्या प्राण्याचा आणखी वेगळा. शास्त्रज्ञांच्या जहाजांवर यावरून जात आणि आकार ओळखायचं काम चालतं. मच्छीमाराच्या पडद्यावर अजून तेवढं येत नाही, पण पिल्लांचा थवा आणि मोठ्यांचा थवा यातला फरक जाणत्या तांडेलाला दिसायला लागलाय."

"आणि दिसल्यावर पिल्लांचा थवा तो सोडून देतो?"

तो बेण्याच्या कंदावरची माती झटकत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "नाही. नेहमी नाही."

मग त्याने सांगितलं. एका पर्ससीन बोटीवर नवीन सोनार बसवून तो चाचणीसाठी रात्री बरोबर गेला होता. फिशफाइंडर फक्त खाली बघतो. सोनार चहूबाजूंनी बघतो, बोटीच्या पुढे, आजूबाजूला. पडद्यावर बांगड्याचा थवा उगवला, बोटीने त्याला वळसा घातला, जाळ्याची पिशवी खालून आवळली. मासा इतका आला की डेकवर पाय ठेवायला जागा नव्हती. टॉर्च मारून पाहिलं तर निम्म्याहून जास्त हाताच्या बोटाएवढे. "यंत्राने अगदी बरोबर दाखवलं होतं, मावशी. बारीक थवा आहे, हे मला पडद्यावर कळलं होतं. मी बोललो नाही. माझं काम यंत्र चालतं की नाही ते बघणं होतं."

मी त्याला त्यावर काही ऐकवलं नाही. ते त्याने स्वतःलाच पुरेसं ऐकवलं होतं.

कायदे नाहीत असं नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर कडक निर्बंध आणले, नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांची मासेमारी बंद केली, २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दंड वाढले. जाळं किती मोठं, आस किती, दिवा कुठला, महिना कुठला, हे सगळं नियमांत आलं. पण जाळ्याची डोळ्याने मोजता येणारी ताकद वाढली की नियम धावतो. ऐकण्याची ताकद शंभर पटींनी वाढली तर तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. बोट तीच, जाळं तेच, लायसन्स तेच. फक्त तळाला एक काळा गोळा बदललेला असतो.

"कॅनडाचं न्यूफाउंडलंड वाचलं आहेस ना?" मी म्हटलं. "पाचशे वर्षं कॉड मासा दिला त्या समुद्राने. १९९२ मध्ये सरकारला मासेमारी बंद करावी लागली, हजारो घरांची चूल थंडावली. आदल्या वर्षांपर्यंत मोठ्या ट्रॉलरना भरपूर मासा मिळतच होता. कारण मासा कमी झाला की तो उरलेल्या थोड्या जागी दाटून राहतो, आणि यंत्र त्या जागा बरोबर हुडकतं. जाळं भरलेलं येतं म्हणून सगळ्यांना वाटतं की समुद्र भरलेला आहे. चांगल्या कानाने माणसं फसली, बहिऱ्या कानाने नाही."

"आणि पेरू?" तो लगेच म्हणाला. "जगातली सर्वांत मोठी अँकोव्हीची मासेमारी. तिथे सरकारी संस्थेची जहाजं आधी याच पडसादांनी समुद्र मोजतात, किती मासा आहे, त्यात पिल्लं किती. मग परवानगी. २०२३ चा पहिला हंगाम त्यांनी पिल्लं जास्त म्हणून रद्दच केला. केवढ्या पैशावर पाणी सोडलं! ते यंत्राशिवाय जमलं असतं?"

"नसतं जमलं."

"मग?"

"मग आपल्याकडे तसं का नाही?"

इथे आमचा वाद, वाद राहिला नाही. आपल्याकडे भारतीय मत्स्य सर्वेक्षणाची जहाजं आहेत, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आहे, चांगली माणसं आहेत. पण किती मासा उरला याचा अंदाज मुख्यतः बंदरावर किती उतरला यावरून बांधला जातो. मोंढ्यात आलेल्या पोत्यांवरून रानात किती हळद उभी आहे ते सांगण्यासारखं हे आहे. सांगता येतं, अनुभवी माणूस बरंच बरोबर सांगतो. तरी ते रानात जाऊन बघणं नव्हे.

"तुझ्याकडून हे यंत्र विकत कोण घेतं?" मी विचारलं.

"बोटमालक."

"मोजायला?"

"मोजायला कोण घेणार? मोजणाऱ्याला पैसे कोण देणार?"

माझी काळजी नेमकी हीच आहे. यंत्र दोन्हीकडे सारखंच चालतं, मोजायलाही आणि उपसायलाही. पण उपसणाऱ्याची कमाई पहिल्याच हंगामात त्याची किंमत फेडते, आणि मोजणाऱ्याला निधीसाठी फाइल पाठवावी लागते. त्यामुळे पाण्याखालचं ज्ञान पहिल्यांदा ज्याच्या हातात पडतं, त्याला त्या पाण्याची काळजी वाहण्याचं कसलंही बंधन नसतं.

समुद्रतळाच्या मोजणीचंही असंच होतं असं मी म्हटलं, तेव्हा मात्र त्याने मला अडवलं. आणि त्याचं ऐकण्यासारखं होतं. १९३३-३४ मध्ये 'मबाहिस' या इजिप्शियन जहाजावरून जॉन मरे मोहीम अरबी समुद्रात फिरली. तिचे प्रमुख सेमूर सेवेल आपल्याकडच्या प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक राहिलेले. त्यांच्याकडे पडसाद मोजणारं यंत्र होतं, आणि सपाट समजल्या गेलेल्या तळावर डोंगरांच्या रांगा उमटल्या. ते निव्वळ कुतूहल होतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ ला समुद्रतळावरून धातूंचे गोटे वर काढले, आणि १९८७ मध्ये भारताला मध्य हिंदी महासागरात त्यांच्या शोधाचा हक्क मिळाला; आज ते क्षेत्र ७५,००० चौरस किलोमीटर आहे. तळाची मोजणी चाळीस वर्षं चालली आहे, उपसा अजून व्हायचा आहे.

"म्हणजे मोजणं आणि घेणं यांच्यात अंतर ठेवता येतं," तो म्हणाला. "तूच म्हणत होतीस ना, श्वास घेण्याएवढं तरी? इथे चाळीस वर्षांचं आहे."

मी म्हटलं, "चार-पाच किलोमीटर खोल पाणी आहे म्हणून आहे." पण मला त्याचं म्हणणं लागलं होतं.

मृग निघाला होता, पाऊस मात्र अजून नव्हता. एक दिवस तो म्हणाला, "चल, इसापूरला जाऊ. समुद्र तुला दाखवू शकत नाही, धरण दाखवतो."

पैनगंगेवरचं इसापूर धरण आमच्या भागाचं पोशिंदं आहे. ९६४ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठा, कागदावर. त्याच्या कालव्यांवर कळमनुरीपासून नांदेडकडची हळद, केळी, ऊस उभे राहतात. कागदावर असं म्हणते, कारण धरण पहिल्या पावसापासून गाळ साठवायला लागतं. किती साठला ते नाशिकची मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, आणि इतर यंत्रणा ठिकठिकाणच्या धरणांवर बोटीतून पडसादांनी आणि उपग्रहाच्या चित्रांनी मोजत असतात. आम्हा कालव्याखालच्या माणसांपर्यंत त्यातला आकडा क्वचित येतो.

काठावर भोई समाजाचे एक वडीलधारे मच्छीमार भाच्याच्या ओळखीचे निघाले. त्यांची होडी, आमची बारा व्होल्टची बॅटरी. भाच्याने ट्रान्सड्युसर बांबूला बांधून होडीच्या कडेने पाण्यात सोडला. दोन सूर एकामागून एक चालले होते, वरच्या पट्टीतला आणि खालच्या पट्टीतला. पडद्यावर तळाची रेघ उमटत गेली. मग लक्षात आलं की रेघा दोन आहेत.

"वरची बारीक रेघ उंच सुराची," भाचा म्हणाला. "तो सूर गाळाच्या पहिल्या थरालाच आपटून परत येतो. खालची जाड रेघ खालच्या सुराची. तो मऊ गाळातून आत जातो आणि घट्ट जमिनीला लागून परत येतो. दोन रेघांच्या मधलं जे आहे ना मावशी, तो गाळ. आपल्या रानांतून वाहून आलेली माती."

मी बघत राहिले. कुठे दोन रेघा जवळजवळ चिकटलेल्या, कुठे हातभर फाकलेल्या, कुठे त्याहून जास्त. तीस वर्षं मी फळ्यावर धूप म्हणजे काय ते काढलं. पण आपली काळी माती पाण्याच्या जागेत बसलेली अशी कधी पाहिली नव्हती.

वडीलधारे वाकून बघत होते. म्हणाले, "बरूबर हाय. आदी वल्ह्याचा बांबू तळाला टेकला की टप्प करायचा. आता वाजतच न्हाई, नुसता रुतून बसतो. लई साल झाले."

त्यांना हे आधीपासून माहीत होतं. फक्त त्यांच्या टप्प आवाजाची नोंद कुणी घेतली नव्हती.

होडी पुढे गेली आणि तळ एकदम खाली उतरला. जुन्या पैनगंगेचं पात्र, धरणाआधीचं. त्या खोलगट भागात पडदा कमानींनी भरून गेला, एकावर एक, जाड, लालभडक. एवढे मोठे मासे एकत्र मी कधी पाहिले नव्हते. खरं तर पाहिले नव्हतेच, फक्त त्यांचे पडसाद. भाच्याचं बोट सवयीने बटणावर गेलं आणि पडद्यावर छोटी खूण उमटली. जागेचा अक्षांश-रेखांश नोंदला गेला.

वडीलधाऱ्यांनी वल्हं थांबवलं. "ह्यो डोह हाय. उन्हाळ्यात पानी वसरलं की समदा थोराड मासा हितं उतरतो. पाऊस पडला, नदी लोंढली की वर चढंल, अंडी घालंल. हितं आमी जाळं लावत न्हाई." मग पडद्याकडे बोट करून विचारलं, "ही खून कामून केली?"

"नुसती नोंद आहे, बाबा," भाचा म्हणाला.

"कुनासाटी?"

त्याला उत्तर देता आलं नाही. मलाही.

परत येताना जीपमध्ये मी म्हटलं, "पुसून टाक. त्यांच्या ध्यानात आहे, तेवढं बस. काठावरची बाभूळ आणि पलीकडची टेकडी एका रेघेत आली की त्यांना डोह कळतो. ती खूण त्यांच्याबरोबर चालते, विकता येत नाही."

"आणि ते गेल्यावर?" तो म्हणाला. "त्यांची मुलं पुण्याला आहेत, कंपनीत. उद्या कुणी दुसरा येईल, त्याच्याकडे असंच यंत्र असेल. त्याला डोह दहा मिनिटांत सापडेल, आणि इथे जाळं लावत नाहीत हे सांगायला कुणी नसेल. नोंद नसेल तर राखणार काय? समुद्रात तू म्हणतेस आधी मोजा, मग ठरवा. इथे म्हणतेस मोजूच नको. मावशी, दोन्हीकडे एकच न्याय लाव ना."

तो बरोबर बोलत होता. आणि तरी त्या माणसाने विचारलेलं "कुणासाठी" माझ्या कानातून जात नव्हतं. मी त्याला सांगितलं की नोंद हवी, पण ती मच्छीमारांच्या संस्थेच्या दप्तरात हवी, त्यांच्या हाताखाली, त्यांच्या अटीवर. यंत्राच्या पोटात नको, कारण यंत्र ऑगस्टमध्ये दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या बोटीवर चढणार. त्यावर तो म्हणाला की संस्थेकडून ठेका कुणाकडे जाईल त्याची तरी काय खात्री. खात्री नव्हतीच. बाळापूर येईपर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो.

निघायच्या आदल्या रात्री त्याने ओसरीवर यंत्र उघडलं. एका कागदावर जलाशयाची ओबडधोबड आकृती काढली होती, जुन्या पात्राचा भाग आडव्या रेघांनी भरला होता आणि वर लिहिलं होतं: येथे जाळे लावू नये. अक्षांश-रेखांश लिहिलेले नव्हते. तो कागद वडीलधाऱ्यांना द्यायला माझ्याकडे ठेवला.

"आता यंत्रातलं पुसतो," तो म्हणाला. मग थांबला. "पण मावशी, हे सुटं सुटं पुसता येत नाही. त्या दिवसाची सगळी फेरी एकच फाइल आहे. डोह गेला की गाळाच्या त्या दोन रेघाही जातील."

त्याचा अंगठा बटणावर होता. बाहेर पहिला खरा पाऊस पत्र्यावर वाजायला लागला होता, आणि हळदीच्या रानातलं पाणी नाल्याकडे धावत असणार, नाल्यातून कुठे ते मला आता नेमकं ठाऊक होतं.

"थांब," मी म्हटलं. "आधी संस्थेच्या लोकांना दाखवून येऊ. उद्याची गाडी राहू दे."